गुन्ह्याची जागा, खटल्याची जागा आणि पीडिताचा हक्क

फौजदारी खटला कोणत्या न्यायालयात चालायचा, हे भारतात गुन्हा कुठे घडला यावरून ठरते. आरोपी कुठला, फिर्यादी कुठला, याला त्या मानाने कमी महत्त्व असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९७ मध्ये हा नियम आहे. त्याआधीच्या १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तोच कलम १७७ मध्ये होता. नियमामागचे कारण सरळ आहे. गुन्हा घडतो तिथेच साक्षीदार राहतात, पंचनामा तिथेच होतो, पुरावाही तिथेच सापडतो. ज्या वस्तीचे स्वास्थ्य बिघडले, त्या वस्तीला न्याय होताना दिसावा, हाही त्यामागचा हेतू आहे.

या नियमाकडे बहुतेक वेळा पोलीस आणि वकील यांच्या कामाची बाब म्हणून पाहिले जाते. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याच्यासाठी मात्र तो फार जवळचा प्रश्न असतो. खटला जिथे चालतो तिथे त्याला साक्षीला जावे लागते, तारखेमागून तारखेला हजर राहावे लागते, कधी आरोपीच्या माणसांसमोरून चालत जावे लागते. न्यायालयापर्यंत निर्भयपणे पोहोचता आले नाही, तर कागदावरचे बाकीचे हक्क निरुपयोगी ठरतात. म्हणून खटल्याची जागा आणि पीडिताचे हक्क हे दोन विषय एकत्रच समजून घ्यावे लागतात.

मढहून न्यायालयापर्यंत

मुंबई उपनगरातील मढ हे गाव मालाडच्या पश्चिमेला, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला मालाडची खाडी यांच्यामध्ये आहे. मासेमारीवर जगणारे हे जुने कोळीवाड्याचे गाव. एरंगळ, भाटी, आक्सा ही शेजारची गावे. या पट्ट्यात घडलेला गुन्हा मालवणी पोलीस ठाण्याच्या हद्दीत येतो. अटक झालेल्या आरोपीला बोरिवलीच्या दंडाधिकारी न्यायालयात उभे केले जाते. खून, बलात्कार, दरोडा असे गंभीर गुन्हे सत्र न्यायालयाकडे जातात. उपनगरांसाठी ते न्यायालय दिंडोशीला आहे. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांचे, म्हणजे पोक्सो कायद्याखालचे खटलेही तिथल्या विशेष न्यायालयापुढे चालतात. त्यावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयात, म्हणजे थेट फोर्टमध्ये.

नव्या संहितेने ‘महानगर दंडाधिकारी’ हे मुंबईसारख्या शहरांपुरते असलेले वेगळे पद काढून टाकले. आता शहरातही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारीच असतात. पीडिताच्या दृष्टीने मात्र वाट तीच राहिली: मढहून बसने मालाड स्टेशन, तिथून लोकलने बोरिवली किंवा रस्त्याने दिंडोशी. रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा पहाटे मासळी बाजार गाठणाऱ्या बाईचा एका तारखेपायी अख्खा दिवस जातो. तारीख पुढे ढकलली गेली तर तो दिवस फुकटच गेला.

खाडीच्या मुखापलीकडे वेसावे आहे. फेरीबोटीने काही मिनिटांत तिथे पोहोचता येते. पण कायद्याच्या नकाशावर तिथे वेगळी हद्द सुरू होते: वर्सोवा पोलीस ठाणे आणि अंधेरीचे न्यायालय. पाण्याचा एक अरुंद पट्टा ओलांडला की पोलीस ठाणेही बदलते आणि दंडाधिकारीही. हद्दीचे प्रश्न याच प्रकारच्या ठिकाणी निर्माण होतात.

एकाहून अधिक ठिकाणी पसरलेला गुन्हा

सगळे गुन्हे एका जागी बसून घडत नाहीत. म्हणून संहितेने कलम १९८ ते २०८ मध्ये मूळ नियमाला पुरवण्या जोडल्या आहेत. गुन्ह्याचा एक भाग एका हद्दीत आणि दुसरा दुसऱ्या हद्दीत घडला, किंवा नेमका कुठे घडला हे सांगता येत नसले, तर त्यांपैकी कोणत्याही ठिकाणी खटला चालू शकतो.

प्रवासात घडलेल्या गुन्ह्यासाठी कलम २०३ आहे. वेसाव्याहून मढला येणाऱ्या फेरीबोटीत कोणाचे पाकीट मारले गेले, तर बोट ज्या ज्या हद्दीतून गेली त्यांपैकी कोणत्याही हद्दीतील न्यायालय तो खटला चालवू शकते. चोरीच्या गुन्ह्यात चोरी झाली ते ठिकाण आणि चोरीचा माल ज्याच्याकडे सापडला ते ठिकाण, दोन्ही चालतात. मढच्या बंदरातून चोरलेले होडीचे इंजिन पालघर जिल्ह्यात सापडले, तर दोन्हींकडे खटला होऊ शकतो. अपहरणात माणसाला जिथून उचलले, जिथून नेले आणि जिथे कोंडून ठेवले, ती सगळी ठिकाणे चालतात. फोनवरून किंवा संदेश पाठवून फसवणूक झाली असेल, तर संदेश जिथून निघाला तिथे आणि जिथे पोहोचला तिथेही. या शेवटच्या तरतुदीचे मोल आज फार मोठे आहे. दूरच्या राज्यात बसलेल्या भामट्याने मालाडमधल्या निवृत्त माणसाच्या खात्यातून पैसे काढले, तर त्या माणसाला परराज्यात फिर्याद द्यायला जाण्याची गरज उरत नाही.

कलम १९९ नुसार कृत्य जिथे झाले त्या ठिकाणाबरोबरच त्याचा परिणाम जिथे झाला तिथेही खटला चालतो. मढपासून जवळच असलेल्या मालवणीच्या लक्ष्मीनगर वस्तीत जून २०१५ मध्ये विषारी दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. दारूत मिथेनॉल होते आणि ते कुठून आले याचा तपास राज्याबाहेरही गेला. पण माणसे मेली मालवणीत, म्हणून खटला मुंबईतच चालला. २०२४ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने चौघांना दोषी ठरवले आणि दहा जणांना निर्दोष सोडले. विष मिसळणारे हात वेगवेगळ्या ठिकाणी असू शकतात, पण विधवा झालेल्या बायका आणि दृष्टी गमावलेली माणसे एका वस्तीत असतात. त्यांच्या दारापासून खटला फार दूर जाऊ नये, हे या नियमाने साधते.

परिणामाचा हाच विचार सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल २०१९ रोजी विवाहितेच्या छळाला लावला. सासरी छळ झालेली स्त्री घर सोडून माहेरी येते, तेव्हा शरीराला आणि मनाला झालेली इजा ती सोबत घेऊन आलेली असते. त्या इजेचा परिणाम माहेरीही होत राहतो. म्हणून तिने जिथे आसरा घेतला तिथे तिला फिर्याद देता येते आणि खटलाही चालू शकतो, असा तो निर्णय. नाशिकला दिलेल्या मढच्या मुलीला त्यानंतर मालवणी पोलीस ठाण्यात जाता येते. ज्या गावात तिचा छळ झाला, त्याच गावात एकटीने तारखांना जाण्याची सक्ती तिच्यावर राहिली नाही.

समुद्रावरील गुन्हा

मढसारख्या गावात माणसांचा अर्धा संसार पाण्यावर चालतो. तिथे घडलेला गुन्हा कोणाच्या हद्दीतला? किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत भारताचा प्रादेशिक समुद्र आहे. १९७६ च्या कायद्याने ही मर्यादा निश्चित केली. त्यापलीकडे प्रश्न अवघड होतो. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी ‘सेंट अँटनी’ या मासेमारी बोटीवरील दोन मच्छीमार केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात मारले गेले. केरळ पोलिसांनी जहाजावरील दोन इटालियन नौसैनिकांना अटक केली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सांगितले की जागा प्रादेशिक समुद्राच्या बाहेर असल्याने केरळ राज्याला हा खटला चालवता येणार नाही. केंद्र सरकारने त्यासाठी विशेष न्यायालय स्थापावे. पुढे वाद आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. २०२० च्या निवाड्यात नौसैनिकांवर खटला चालवण्याचा अधिकार भारताला नाही असे ठरले, पण भारताला भरपाई मिळण्याचा हक्क मान्य झाला. इटलीने १० कोटी रुपये भरल्यावर जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातील कारवाई बंद केली. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ४ कोटी आणि बोटमालकाला २ कोटी रुपये असे वाटप ठरले. दोन कुटुंबांना पैसा मिळाला, पण भारतीय न्यायालयात आरोपींसमोर उभे राहून साक्ष देण्याची संधी हद्दीच्या वादाने कायमची गेली.

मुंबईनेही असा एक खटला पाहिला आहे. ‘अलोंड्रा रेनबो’ हे जपानी मालकीचे जहाज ऑक्टोबर १९९९ मध्ये इंडोनेशियाजवळ चाच्यांनी पळवले. पुढच्याच महिन्यात भारतीय तटरक्षक दल आणि नौदल यांनी ते अरबी समुद्रात पकडले. १५ आरोपींना मुंबईत आणून त्यांच्यावर खटला भरला गेला. २००३ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना शिक्षा दिली, पण २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. त्या वेळी भारतात चाचेगिरीचा स्वतंत्र कायदा नव्हता. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा २०२२ मध्ये संमत झाला आणि त्यात खास न्यायालये नेमण्याची तरतूद आली.

पीडिताला हद्दीचे कारण सांगता येत नाही

हद्दीच्या नियमांचा सर्वांत मोठा जाच फिर्याद देताना होत असे. ‘ही आमची हद्द नाही, तिकडच्या ठाण्यात जा’ हे वाक्य अनेक फिर्यादींनी ऐकले आहे. कायद्याने हा अडसर आता दूर केला आहे. संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही पोलीस ठाण्याने नोंदवून घेतली पाहिजे. ही फिर्याद शून्य क्रमांकाने नोंदवून योग्य त्या ठाण्याकडे पाठवली जाते. व्यवहारात तिला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. माहिती ऑनलाइनही देता येते; मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत विनामूल्य मिळते. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच स्पष्ट केले होते.

म्हणजे खटला कुठे चालेल हा नंतरचा प्रश्न, फिर्याद मात्र जवळच्या ठाण्यात. तातडीच्या वैद्यकीय तपासणीचा पुरावा काही तासांत नाहीसा होतो, त्यामुळे अत्याचाराच्या प्रकरणांत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

पीडिताचे हक्क

जुन्या फौजदारी कायद्यात खटला म्हणजे सरकार विरुद्ध आरोपी. ज्याच्यावर अन्याय झाला तो केवळ एक साक्षीदार. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्ह्याच्या पीडितांना न्याय मिळण्याविषयीची तत्त्वे जाहीर केली. भारतात न्यायमूर्ती मलिमठ समितीने २००३ मध्ये पीडिताला खटल्यात स्थान देण्याची शिफारस केली. ३१ डिसेंबर २००९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘पीडित’ ही संज्ञा कायद्यात आली. गुन्ह्यामुळे ज्याला इजा किंवा नुकसान झाले तो पीडित. त्याचा पालक किंवा कायदेशीर वारसही त्यात येतो.

आज पीडिताला पुढील हक्क आहेत. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत पोलिसांनी त्याला कळवली पाहिजे. वकील नेमला असेल तर दोषारोपपत्र आणि सोबतची कागदपत्रे त्यालाही मिळतात. सरकारी वकिलाला साहाय्य करण्यासाठी न्यायालयाच्या परवानगीने स्वतःचा वकील ठेवता येतो; हा वकील स्वतंत्रपणे खटला चालवत नाही, पण बाजू मांडायला मदत करतो. सरकारला खटला मागे घ्यायचा असेल, तर न्यायालयाने आधी पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०२२ रोजी लखीमपूर खीरी प्रकरणात सांगितले की तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतले जाण्याचा हक्क आहे, आणि त्यात आरोपीच्या जामिनाची सुनावणीही येते.

आरोपी निर्दोष सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला अपील करता येते. त्यासाठी उच्च न्यायालयाची आगाऊ परवानगी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरवले. शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावरून मात्र पीडिताला या तरतुदीखाली अपील करता येत नाही.

भरपाईचा हक्क दोन वाटांनी मिळतो. एक म्हणजे शिक्षा देताना न्यायालयाने आरोपीला भरपाईचा आदेश देणे. महाराष्ट्रातील एका खटल्याच्या निकालात ३ मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की भरपाई द्यायची की नाही, याचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने केलाच पाहिजे. दुसरी वाट राज्याच्या निधीची. आरोपी सापडला नाही, खटला उभाच राहिला नाही, तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मढच्या रहिवाशासाठी ते मुंबई उपनगर जिल्ह्याचे प्राधिकरण. महाराष्ट्राची पीडित भरपाई योजना २०१४ ची. बलात्कार, मुलांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी राज्याने त्याआधीच, २०१३ मध्ये, ‘मनोधैर्य’ योजना सुरू केली होती. तिच्यातील साहाय्याची कमाल मर्यादा पुढे १० लाख रुपयांपर्यंत वाढवली गेली. बलात्कार आणि ॲसिड हल्ल्यातील पीडितांवर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तात्काळ मोफत प्रथमोपचार व उपचार करणे बंधनकारक आहे.

खटला दुसरीकडे हलवणे

गुन्हा जिथे घडला तिथेच न्याय मिळणे अशक्य झाले, तर खटला हलवता येतो. एकाच सत्र विभागात सत्र न्यायाधीश, राज्यात उच्च न्यायालय आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सर्वोच्च न्यायालय (कलम ४४८, ४४७ व ४४६) असा हा अधिकार वाटलेला आहे. केवळ सोय हे कारण पुरत नाही. मुंबईच्या दंडाधिकाऱ्यापुढचा खटला दिल्लीला न्यावा, ही मनेका गांधी यांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये फेटाळली. निःपक्ष सुनावणीची खात्री हा पहिला निकष, असे त्या निकालाने ठरवले.

तो निकष पूर्ण झाल्यावर काय होऊ शकते, हे मुंबईने दोनदा पाहिले. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्याच्या बेस्ट बेकरीत १४ माणसे मारली गेली. तिथल्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि सगळे आरोपी सुटले. १२ एप्रिल २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात चालवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २००६ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयात न्यायाधीश अभय ठिपसे यांनी नऊ आरोपींना दोषी ठरवले. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवली.

दुसरा खटला बिल्किस बानो यांचा. ३ मार्च २००२ रोजी दाहोद जिल्ह्यात त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला आणि त्यांच्या कुटुंबातील अनेकांना ठार मारण्यात आले. स्थानिक पोलिसांनी प्रकरण बंद केले होते. सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे दिला आणि ऑगस्ट २००४ मध्ये खटला अहमदाबादहून मुंबईला हलवला. साक्षीदारांना धमक्या येत असल्याचे बिल्किस यांनी न्यायालयाला सांगितले होते. २१ जानेवारी २००८ रोजी ११ जणांना जन्मठेप झाली. मे २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली आणि पुरावा दडवणारे पोलीस व डॉक्टर यांनाही दोषी ठरवले. २०१९ मध्ये ५० लाख रुपये भरपाई, नोकरी आणि घर देण्याचा आदेश गुजरात सरकारला झाला.

खटल्याची जागा निकालानंतरही किती महत्त्वाची असते, हे पुढे दिसले. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने ११ जणांना शिक्षामाफी देऊन सोडले. बिल्किस यांनी पुन्हा सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ८ जानेवारी २०२४ रोजी न्यायालयाने शिक्षामाफी रद्द केली. आरोपींना शिक्षा महाराष्ट्रातील न्यायालयाने दिली होती, त्यामुळे माफीचा विचार करण्याचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा आहे, गुजरातचा नाही, हे त्या निकालाचे मुख्य कारण. वीस वर्षांपूर्वी खटला मुंबईत आला, त्याचे फळ पीडितेला त्या दिवशी पुन्हा एकदा मिळाले.

अंतर कमी करण्याचे मार्ग

प्रत्येक पीडिताला खटला हलवून मिळत नाही, आणि बहुतेकांना त्याची गरजही नसते. त्यांना गरज असते ती न्यायालयापर्यंतची वाट सुसह्य होण्याची. बलात्कार पीडितेचा जबाब तिच्या घरी किंवा तिने निवडलेल्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. अशा खटल्यांची सुनावणी बंद दालनात होते. मुंबईतील एका खटल्यात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दृक्‌श्राव्य माध्यमातून साक्ष घेण्यास मान्यता दिली. साक्षीदार तेव्हा अमेरिकेत होता. नव्या संहितेने ही सोय खटल्याच्या बहुतेक टप्प्यांसाठी खुली केली आहे. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी देशभर कायद्याचे बळ दिले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १५अ मध्ये तर पीडित व साक्षीदार यांच्या प्रवास आणि निर्वाहाच्या खर्चाचीही तरतूद आहे. सगळ्याच गुन्ह्यांतील गरीब पीडितांना ती मिळायला हवी.

खटला चुकीच्या हद्दीत चालला, तर पीडिताचे काय? कलम ५०८ त्याचे रक्षण करते. केवळ जागा चुकली म्हणून निकाल रद्द होत नाही; त्या चुकीमुळे प्रत्यक्ष न्याय नाकारला गेला, हे दाखवावे लागते. वर्षानुवर्षे साक्षी दिलेल्या माणसाचे कष्ट नकाशावरच्या एका रेषेपायी वाया जाऊ नयेत, हा त्यामागचा विचार आहे. खटल्याच्या जागेविषयीचे सगळे नियम याच विचाराने वापरले गेले, तरच पीडिताला दिलेले हक्क त्याच्या उपयोगी पडतात.